विज्ञानवार्ता : धनेशाचें शिरस्त्राण

पक्ष्याची चोंच म्हणजे त्याचें तोंड, अशी आपली सामान्य समजूत असते. वस्तुतः ज्या प्राण्याच्या पुढील दोन अवयवांचे पंख बनले, त्याला हातांचें बहुतेक काम तोंडाकडेच सोंपवावें लागलें आहे. दाणा टिपणें, फळ सोलणें, घरट्याच्या काड्या गुंफणें, पिलांना भरविणें, शत्रूस टोंचणें, हीं कामें तर उघडच दिसतात. परंतु तितकेंच महत्त्वाचें असें आणखी एक काम फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तें म्हणजे पिसांची वेणीफणी. शेपटाच्या मुळाशीं असलेल्या तैलग्रंथींतून चोंचीनें तेल घ्यावयाचें आणि एकेक पीस विंचरून त्यास तें लावावयाचें, हा बहुतेक पक्ष्यांचा नित्यनेम आहे. त्यांत खंड पडला कीं पिसें विस्कटतात, पाण्यानें भिजतात, त्यांत किडे माजतात. म्हणूनच चोंच मोडलेल्या पक्ष्यास आपण हातानें भरवून जगविलें, तरी तो पूर्वीचा पक्षी राहत नाहीं. घरांतील एखाद्या कर्त्या बाईचे दोन्ही हात जायबंदी झाले आणि तिला दोन वेळां कोणी भरविलें, तर तेवढ्यानें तिचें आयुष्य पूर्ववत् चालूं लागलें असें आपण म्हणूं काय?

अशा पक्ष्यासाठीं पशुवैद्यांना पूर्वीं थोडीबहुत डागडुजी करण्यापलीकडे फारसें कांहीं करतां येत नसे. गेल्या वीस वर्षांत मात्र एका नव्या यंत्रानें या बाबतींत बरीच उलथापालथ केली आहे. त्या यंत्राच्या क्रियेस त्रिमिति-मुद्रण असें म्हणतात. घरांतील तरुण मंडळी तिला सरळ थ्री-डी प्रिंटिंग असेंच म्हणतात, आणि तें नांव आतां वडीलधाऱ्यांच्या कानांवरूनही गेलेलें असेल. या यंत्राची योजना पशुपक्ष्यांच्या चिकित्सेंत कशी होते, तें आज सांगावयाचें आहे. त्यासाठीं प्रथम एका धनेशाची हकीकत ऐकावी.

महाधनेश हा पक्षी आपल्याला परका नव्हे. दक्षिण कोंकणांतून गोव्याकडे व पुढें कारवाराकडे पसरलेल्या सह्याद्रीच्या दाट रानांत तो आढळतो. तो उडूं लागला म्हणजे त्याच्या पंखांचा घोंघावणारा आवाज दूरवर ऐकूं येतो, आणि मान वर करून पाहणारास प्रथम दिसतें तें त्याच्या भल्या मोठ्या पिवळ्या चोंचीवर बसलेलें शिरस्त्राण. या पक्ष्याचा संसारही विलक्षण. मादी झाडाच्या ढोलींत शिरून ढोलीचें तोंड आंतून लिंपून घेते, केवळ एक फट ठेवते, आणि पुढें कित्येक आठवडे नर बाहेरून त्या फटींतून तिला व पिलांना उंबर-वडाचीं फळें भरवीत असतो. एवढा सारा प्रपंच चोंचीच्या टोंकावर चाललेला!

या जातीचा जेरी नांवाचा बावीस वर्षांचा एक नर सिंगापूरच्या जुरोंग पक्षि-उद्यानांत होता. (हें उद्यान २०२३ च्या आरंभीं बंद झालें व तेथील पक्षी मंडाई येथील नव्या जागीं नेण्यांत आले.) २०१८ च्या जुलैंत त्याच्या शिरस्त्राणास सुमारें आठ सेंटिमीटरांची एक भेग पडून आंतील भाग उघडा पडल्याचें राखणदारांच्या नजरेस आलें. तपासणीअंतीं तो कर्करोग ठरला. शिरस्त्राणाचा कर्करोग हा या जातीच्या पक्ष्यांत पूर्वींही पाहण्यांत आलेला रोग आहे. तो पसरत पसरत खालीं कवटीकडे गेला म्हणजे मग इलाज उरत नाहीं. तेव्हां रोगट शिरस्त्राण कापून काढणें प्राप्तच होतें. परंतु कापल्यावर जी जागा उघडी राहणार, ती झांकावयाची कशानें? आणि कापावयाचें तरी कोठवर? कमी कापावें तर रोग उरतो, जास्त कापावें तर निरोगी हाड जातें.

उद्यानाच्या वैद्यांनीं सिंगापूरच्या राष्ट्रीय विश्वविद्यालयांतील अभियंत्यांस हांक मारली. त्या मंडळींनीं दोन वस्तु तयार केल्या. पहिली म्हणजे नवें शिरस्त्राण. आणि दुसरी, माझ्या मतें पहिलीहूनही अधिक बुद्धिमत्तेची, म्हणजे कापण्याची मार्गदर्शक पट्टी. ही पट्टी जुन्या शिरस्त्राणावर अचूक बसे, आणि तिच्या कडेकडेनें करवत चालविली कीं जो कांठ उरे, तो नव्या शिरस्त्राणाच्या कांठाशीं तंतोतंत जुळे. शिंप्यानें कापड बेतण्यापूर्वीं खडूनें रेघ मारावी, तशांतलाच हा प्रकार. फक्त येथें कापड जिवंत होतें. १३ सप्टेंबर २०१८ रोजीं शस्त्रक्रिया झाली. रोगट भाग निघाला, नवें शिरस्त्राण बसलें, आणि कोठें बारीक फट राहूं नये म्हणून दंतवैद्य वापरतात त्या राळेसारख्या द्रव्यानें सांधे बुजविण्यांत आले. दुसऱ्या दिवशीं जेरी नेहमीप्रमाणें खाऊं लागला.

पण खरी परीक्षा पुढेंच होती. महाधनेशाच्या तैलग्रंथींतून पिवळ्या रंगाचें तेल स्रवतें, आणि तें चोळूनच तो आपली चोंच व शिरस्त्राण पिवळें राखतो. कांहीं दिवसांनीं जेरीनें आपलें नवें शिरस्त्राण त्या ग्रंथीवर घासण्यास सुरुवात केली! वैद्यांनीं यालाच त्यानें अवयव आपलासा केल्याची खूण मानली, आणि तें योग्यच होय. अभियंत्यांनीं शंभर वेळां मापें जुळवून पाहिलीं असतील. परंतु 'हें माझें' असा शिक्का पक्ष्यानें स्वतःच्या तेलानें मारला, त्याची सर दुसऱ्या कोणत्या प्रमाणपत्रास येणार?

आतां हें यंत्र चालतें कसें, हें स्वयंपाकघरांतल्याच भाषेंत सांगतां येईल. प्रथम प्राण्याच्या त्या भागाचीं क्ष-किरणांनीं क्रमवार चित्रें घेतात; यासच सी.टी. स्कॅन म्हणतात. सुरणाचा गड्डा चिरून त्याच्या पातळ चकत्या कराव्यात, प्रत्येक चकतीचें चित्र काढावें, आणि मग त्या चित्रांवरून सगळा गड्डा पुन्हां कागदावर उभा करावा, तसें तें काम आहे. फरक इतकाच कीं येथें सुरी न लावतां चकत्या पडतात. संगणक त्या जुळवून हाडाची आकृति उभी करतो. त्या आकृतींत तुटलेला भाग कसा होता असेल हें ठरवून नवा भाग रेखतात, आणि मग तो यंत्राकडे पाठवितात.

यंत्र तो भाग थरांथरांनीं घडवितें. याचे अनेक प्रकार आहेत. त्यांतले दोन आपल्या गृहिणींना लगेच कळतील. पहिल्यांत वितळलेल्या प्लास्टिकची बारीक तार एका तोटींतून बाहेर पडते व सोऱ्यांतून चकली पाडावी तशी वेढ्यावर वेढा बसत जातो. थंड होतांच वेढे एकमेकांस चिकटतात. दुसऱ्यांत नायलॉनच्या बारीक भुकटीचा, रांगोळीच्या पुडीसारखा, एक पातळ थर पसरतात. त्यावर प्रखर प्रकाशाचा किरण रेघा ओढतो, आणि जेथें जेथें रेघ पडते तेथें भुकटी वितळून सांधली जाते. मग वर दुसरा थर, पुन्हां रेघा, मग तिसरा. अखेरीस न सांधलेली भुकटी झाडून टाकली म्हणजे आंतून घडलेली वस्तु बाहेर येते. भुकटीच्या जागीं टिटॅनियम धातूचें चूर्ण घेतलें तर वस्तु धातूची होते. या कल्पनेचें पहिलें व्यवहार्य यंत्र अमेरिकन अभियंता चार्ल्स हल यानें केलें. त्यानें १९८४ सालीं आपल्या पद्धतीच्या पेटंटासाठीं अर्ज केला होता. त्याची पद्धति प्रकाशानें घट्ट होणाऱ्या द्रवाची होती. कारखानदारांस नमुने लवकर मिळावेत एवढाच तेव्हां हेतु. धनेशाचें डोकें कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें.

या यंत्राचा मोठा गुण असा कीं त्याला एकच वस्तु करण्याचा कंटाळा नाहीं. सांच्यांतून एक नग काढणें परवडत नाहीं, हजार काढले तरच परवडतें. परंतु दोन पक्ष्यांच्या दोन जखमा सारख्या नसतात. तेथें हजार नगांचा उपयोगच काय? व्यक्ति तितक्या प्रकृति हें वैद्यकांतलें जुनें सूत्र यंत्राच्या कारखान्यांत प्रथमच शिरत आहे.

ज्याचें त्याचें माप घेऊन अवयव बेतण्याची ही बुद्धि मात्र नवी नाहीं, आणि तिचा एक धागा थेट आपल्या पुण्यापर्यंत येऊन पोंचतो. सुश्रुतसंहितेंत कापलेल्या नाकाची पुनर्रचना सांगतांना, आधीं नाकाच्या मापाचें झाडाचें पान घ्यावें व त्याबरहुकूम कातडें काढावें, असें म्हटलें आहे. पुढें १७९४ सालीं लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकांत एक पत्र व चित्र प्रसिद्ध झालें. इंग्रजांच्या सैन्यांत बैल हांकणारा कावसजी नांवाचा इसम टिपूच्या हातीं सांपडला व त्याचें नाक कापलें गेलें. पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या जातीच्या माणसानें त्याला कपाळाच्या कातड्याचें नवें नाक करून दिलें. त्याची रीत पाहावी: नाकाच्या थोट्यावर त्यानें मेणाचा पातळ पत्रा बसवून चांगलें दिसेसें नाक घडविलें, मग तें मेण काढून सपाट केलें, कपाळावर ठेवून भोंवतीं रेघ ओढली आणि तेवढेंच कातडें उचललें. मेणाच्या जागीं आतां गणित आलें आहे. बेतणें तेंच आहे. त्या कारागिराचें नांव कोणीं लिहून ठेवलें नाहीं, कावसजीचें मात्र राहिलें, याची हळहळ वाटते.

पुन्हां चोंचीकडे वळूं. चोंच म्हणजे केवळ हाड नव्हे. आंत हाडाचा गाभा, आणि वर नखासारख्या द्रव्याचें कवच. आणि हें कवच नखासारखेंच जन्मभर वाढत असतें. वाढणाऱ्या वस्तूवर न वाढणारी वस्तु बसवावयाची, ही खरी अडचण. तिचा अनुभव ब्यूटी या गरुडाच्या मादीच्या बाबतींत आला. २००५ सालीं अमेरिकेंतील अलास्का प्रांतांत ही पांढऱ्या डोक्याची गरुडी कचऱ्याच्या उकिरड्यावर उपाशी सांपडली. कोणा शिकाऱ्याच्या गोळीनें तिची वरची चोंच उडाली होती. जो पक्षी तिकडे राष्ट्राचें चिन्ह म्हणून नाण्यावर मिरवतो, त्याचीच ही दशा! पुढें ती आयडाहो प्रांतांतील शिकारी पक्ष्यांच्या एका आश्रयगृहांत आली. तेथील जेन कँटवेल या बाई आणि नेट कॅल्व्हिन नांवाचे अभियंते यांनीं तिच्यासाठीं नायलॉनजातीय द्रव्याची चोंच घडवून २००८ सालीं बसविली. तिला स्वतःच्या चोंचीनें पाणी पितां येऊं लागलें. परंतु कालांतरानें आंतलें मूळ कवच थोडें थोडें वाढूं लागलें, आणि त्यानें ती कृत्रिम चोंच ढकलून दिली. निसर्गानें आपली जागा परत मागितली म्हणावयाची.

कोस्टा रिका या मध्य अमेरिकेंतील देशांत ग्रेसिया नांवाच्या टूकन पक्ष्यावर काम करणारांनीं ही अडचण आधींच हेरली होती. टूकनची चोंच ही केळ्याएवढी मोठी, रंगीत आणि वजनानें हलकी. तिचा उपयोग खाण्यापुरताच नाहीं. उन्हाळ्यांत अंगांतील उष्णता बाहेर टाकण्याचें काम टूकन या चोंचीकडून करून घेतो, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानें दाखवून दिलें आहे. अशा या ग्रेसियाची वरची चोंच जानेवारी २०१५ मध्यें कांहीं उडाणटप्पू पोरांनीं मारून मोडली. लोक हळहळले, चिडले, वर्गणी जमली, आणि तेथील कंपन्यांनीं मिळून त्याच्यासाठीं नायलॉनची चोंच तयार केली. वजन सुमारें अठरा ग्रॅम. तिचे दोन भाग केले: एक मूळ थोटक्यास कायमचा जोडलेला, आणि दुसरा काढतां-घालतां येणारा, म्हणजे तो धुतां यावा व पुढें बदलतां यावा. २०१६ च्या आरंभीं ती बसविण्यांत आली. पहिले कांहीं दिवस ग्रेसियाला या नव्या वस्तूचें करावें काय हेंच उमगेना. मग एके दिवशीं तो गाऊं लागला, आणि तिनें पिसेंही विंचरूं लागला. या प्रकरणानें तेथील लोकमत इतकें ढवळून निघालें कीं प्राण्यांवरील क्रौर्यास शासन करणारा कायदा त्या देशांत २०१७ सालीं संमत झाला.

नुसतें यंत्र हातीं असून भागत नाहीं, हें एका बदकानें शिकविलें. अमेरिकेंतील टेनेसी प्रांतांत बटरकप नांवाचें एक बदक डावें पाऊल उलटें घेऊनच जन्मलें. २०१३ सालीं तें पाऊल कापावें लागलें. नवें पाऊल कोणत्या आकाराचें करावयाचें? मूळच विकृत, तेव्हां त्यावरून बेतणें शक्य नव्हतें. मग त्याच्या बहिणीच्या डाव्या पावलाचीं छायाचित्रें घेऊन त्यावरून आकृति केली. सख्ख्या बहिणीचें पाऊल भावाच्या उपयोगीं पडल्याचें हें उदाहरण भाऊबिजेच्या दिवशीं मुलांना सांगण्यासारखें आहे! परंतु यंत्रांतून निघणारें प्लास्टिक पावलासाठीं फार कडक होतें. चालतांना बदकाचें पाऊल पसरावें, मिटावें लागतें. म्हणून यंत्रावर पाऊल न करितां पावलाचा सांचाच केला, आणि त्या सांच्यांत मऊ सिलिकोन ओतलें. नवें यंत्र आणि ओतकामाची जुनी विद्या अशी जोडी जमली तेव्हां कोठें बटरकप चालूं लागला.

वर्तमानपत्रांत छायाचित्रें येतात तीं अशा चोंचींचीं व पावलांचीं. परंतु पशुवैद्यकांत या यंत्राचा रोजच्या उपयोगाचा भाग निराळाच आहे, आणि तो डोळ्यांत भरत नाहीं. कुत्र्याचा पाय वांकडा वाढला आहे, हाड कापून सरळ करावयाचें आहे. पूर्वीं शल्यवैद्य सपाट चित्रावरून अंदाज बांधीत. आतां तेंच हाड जसेंच्या तसें यंत्रावर छापून टेबलावर ठेवतां येतें. तें हातांत घेऊन फिरवावें, कापून पाहावें, पट्टी वांकवून बसवून पाहावी. चूक झाली तर प्लास्टिकचें हाड फुकट गेलें, एवढेंच. खऱ्या शस्त्रक्रियेंत मग वेळ वांचतो, आणि गुंगींत असलेल्या लहान प्राण्याच्या बाबतींत वांचलेली प्रत्येक घटका मोलाची असते.

याच मार्गानें कॅनडांतील ऑन्टेरिओ पशुवैद्यक महाविद्यालयांत २०१८ सालीं एक मोठी शस्त्रक्रिया झाली. पॅचेस नांवाच्या नऊ वर्षांच्या कुत्रीच्या कवटीवर कर्करोगाची गांठ वाढून ती मेंदू व डोळ्याकडे दाबूं लागली होती. डॉ. मिशेल ओब्लाक यांनीं रोगट हाड काढून कवटीच्या वरच्या भागाचा जवळजवळ सत्तर टक्के हिस्सा टिटॅनियमच्या छापील झांकणानें भरून काढला. कोठें कापावयाचें तें आधीं ठरलेलें, झांकण आधीं तयार. त्यामुळें कवटी उघडी टाकून माप घेत बसण्याची पाळी आली नाहीं.

हें वाचून पुष्कळ घरांतून एक प्रश्न निघेल, आणि तो निघणें योग्यच आहे. येथें माणसांना वेळेवर औषध मिळण्याची मारामार, आणि तिकडे बदकाला पाऊल व कुत्रीला धातूची कवटी? या प्रश्नाचें उत्तर दोन प्रकारें देतां येईल. एक तर कुत्र्यांचे कांहीं कर्करोग माणसांच्या रोगांशीं इतके मिळतेजुळते असतात कीं तेथें मिळालेलें ज्ञान माणसांच्या रुग्णालयांत उपयोगीं पडूं शकतें. परंतु हें उत्तर मला अपुरें वाटतें, कारण त्यांत प्राण्याचें मोल शेवटीं आपल्या फायद्यानेंच मोजलें जातें. ब्यूटीची चोंच माणसाच्या गोळीनें गेली, ग्रेसियाची माणसाच्या पोरांनीं मोडली. ज्यानें मोडलें त्यानेंच भरून द्यावें, हा व्यवहारांतला साधा न्याय येथें लावला तर खर्चाचा हिशेब निराळा दिसूं लागतो.

तथापि सर्वच ठिकाणीं यंत्र लावणें शहाणपणाचें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. रानांत परत जाऊं न शकणाऱ्या पक्ष्याला जन्मभर पिंजऱ्यांत ठेवण्यासाठीं वारंवार गुंगी देऊन चोंच बसवीत राहावें काय, हा प्रश्न प्रत्येक पक्ष्यागणिक सोडवावा लागतो. आणि कित्येक दुखापतींत यंत्राचें कांहींच चालत नाहीं. संक्रांतीच्या सुमारास मांज्यानें घारीचा पंख कापला जातो, तेव्हां तुटतात ते स्नायू व शिरा. तेथें छापील वस्तु काय करणार? तेथें दोरा न वापरणें एवढाच इलाज आहे, आणि तो पतंग उडविणाऱ्या आपल्याच मुलांच्या हातांत आहे.

शेवटीं थोडें घरगुती. चोंच दुखावलेला पक्षी अंगणांत सांपडला तर त्याच्या चोंचींत पाणी वा दूध ओतूं नये. तें श्वासनलिकेंत जाऊन तो गुदमरण्याची भीति असते. घरांतला चिकट गोंद वगैरे लावून चोंच जोडण्याच्या भानगडींतही पडूं नये. रक्त येत असल्यास स्वच्छ फडक्यानें हलकेंच दाबून धरावें, वाऱ्यासाठीं भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत मऊ कापड घालून त्याला अंधारांत, मुलांच्या गलबल्यापासून दूर ठेवावें, आणि पशुवैद्याकडे अगर वनखात्याकडे पोंचवावें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें रानपक्षी घरीं पाळतां येत नाहीं, आपला नेहमींचा हिरवा पोपटसुद्धां नाहीं. तेव्हां 'बरा होईपर्यंत राहूं दे' असें म्हणून पिंजरा आणूं नये. चोंचीचा तुटलेला तुकडा मिळाल्यास कागदांत गुंडाळून बरोबर न्यावा. तो पुन्हां चिकटेलच असें नव्हे, परंतु आकार कळण्यास त्याचा उपयोग होतो. आणि ज्या घरांत कायद्यानें ठेवतां येण्याजोगे पक्षी आहेत, तेथें मुलांकडून त्यांच्या चोंचीचीं व पायांचीं दोन्ही बाजूंनीं छायाचित्रें काढवून ठेवावींत. बटरकपला निदान बहीण तरी होती.